दोघांचे व्हेनिस, अडीच लाखांच्या आत: बडोद्याहून निघणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

बडोद्यात मराठी घरी पाहुणे आले की त्यांना एकदा लक्ष्मी विलास राजवाडा दाखवायला नेण्याची पद्धत आहे, आणि दरबार हॉलमध्ये शिरताच सगळ्यांच्या नजरा रंगीत काचांच्या खिडक्यांकडे वळतात. पायाखालच्या फरशीकडे मात्र फार थोडे जण पाहतात. महाराज सयाजीरावांच्या काळात, १८९० मध्ये पूर्ण झालेल्या या वाड्यातली ती फरशी व्हेनेशियन मोझेइकची, म्हणजे व्हेनिसच्या पद्धतीने लहान रंगीत तुकडे जोडून केलेली आहे. लहानपणापासून ती पाहत आलेल्या माझ्या मनात ते गाव घर करून राहिले होते, आणि लग्नाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा आम्ही दोघांनी दुसऱ्या कोणत्याही जागेचा विचार न करता व्हेनिस ठरवले.

व्हेनिस महाग आहे हे खरे आहे, परंतु ते सगळ्याच बाबतींत महाग नाही. तिथे बसून खाणे, बोटीने फिरणे आणि घाईगर्दीच्या दिवसांत जाणे महाग पडते. चालणे, उभ्याने कॉफी पिणे आणि पहाटे व रात्री गाव पाहणे जवळजवळ फुकट असते. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की पैसा मुक्कामावर घालावा, म्हणजे मूळ बेटावरच राहावे, आणि बचत उरलेल्या सगळ्या गोष्टींत करावी. बहुतेक लोक याच्या उलट करतात.

हिशेब आधी मांडावा

युरोचा भाव वरखाली होत असतो आणि कार्डावर थोडे शुल्कही पडते, म्हणून घरी हिशेब करताना एक युरो म्हणजे ११० रुपये असे धरावे. पाच रात्रींसाठी आमचा दोघांचा अंदाज असा होता: विमानाची येण्याजाण्याची तिकिटे १,१०,०००, व्हिसा आणि त्याच्या अर्ज केंद्राचे शुल्क मिळून २३,०००, प्रवास विमा ३,०००, विमानतळापर्यंत जाणे-येणे ४,०००, खोली दर रात्री १०० युरोप्रमाणे ५५,०००, तिथला मुक्काम कर ३,३००, जेवणखाण रोज ४५ युरोप्रमाणे सहा दिवसांचे सुमारे २९,७००, विमानतळाची बस आणि बोटीचे पास ९,९००, प्रवेश तिकिटे ८,८०० आणि किरकोळ १,१००. बेरीज २,४७,८०० होते. यात खरेदी धरलेली नाही. हंगाम बदलला तर पहिल्यांदा विमान आणि खोली हे दोनच आकडे फुगतात, म्हणून तारखा ठरवताना सगळे लक्ष या दोहोंवर ठेवावे.

कधी जावे

गुजरातेत दिवाळीनंतर लाभपाचमेपर्यंत बाजार बंद असतो, त्यामुळे व्यापारी घरांतली जोडपी त्याच आठवड्यात बाहेर पडतात आणि विमानाची तिकिटे नेमकी तेव्हाच चढतात. ज्यांना रजा पुढे ढकलता येते त्यांनी नोव्हेंबरचा मध्य किंवा जानेवारी निवडावा. १ नोव्हेंबर हा इटलीत सणाचा दिवस असतो. तो उलटला की गर्दी ओसरते आणि खोल्यांचे दर उतरतात. फेब्रुवारीत, ईस्टरपूर्व उपवासकाळ सुरू होण्याआधी, मुखवट्यांचा कार्निव्हल असतो. तो देखणा असला तरी बजेटवाल्यांच्या कामाचा नाही. एप्रिल ते जुलै या काळात तर आणखी एक खर्च आहे. २०२४ पासून ठरावीक दिवशी, सकाळी ८.३० ते दुपारी ४ या वेळेत, केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांना गावात शिरण्याचे शुल्क द्यावे लागते. ते आधी भरल्यास ५ युरो आणि ऐनवेळी १० युरो असे २०२५ मध्ये होते. रात्रीचा मुक्काम करणाऱ्यांना ते माफ आहे, मात्र त्या दिवसांत त्यांनीही ऑनलाइन नोंद करून सूट मिळाल्याचा कोड जवळ ठेवावा.

नोव्हेंबरची एक भीती सगळे घालतात, ती म्हणजे भरतीच्या पाण्याची. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढले होते आणि गावाचे फार नुकसान झाले. त्यानंतर ऑक्टोबर २०२० पासून खाडीच्या मुखांशी बसवलेले मोझे नावाचे उचलते दरवाजे वापरात आले. भरती साधारण ११० सेंटिमीटरवर जाण्याचा अंदाज असला की ते वर उचलले जातात आणि समुद्राचे पाणी बाहेर अडते. त्याहून कमी पाण्यात सान मार्को चौकासारखे सखल भाग अजूनही ओले होऊ शकतात, परंतु तिथे लाकडी फलाटांच्या उंच वाटा टाकतात आणि पाणी काही तासांत ओसरते. गुडघ्यापर्यंतचे बूट इथून नेण्याची गरज नाही.

नोव्हेंबर निवडण्याचे आणखी एक कारण मी आग्रहाने सांगेन. १६३० च्या प्लेगमध्ये व्हेनिसकरांनी साथ हटावी म्हणून नवस बोलला, आणि तो फेडण्यासाठी सांता मारिया देल्ला सालुते हे चर्च बांधले, जे १६८७ मध्ये अर्पण झाले. दरवर्षी २१ नोव्हेंबरला त्या चर्चकडे जाण्यासाठी मोठ्या कालव्यावर तात्पुरता पूल टाकतात आणि सारे गाव मेणबत्ती लावायला चालत येते. आम्ही त्या रांगेत उभे होतो. पुढे एक आजोबा नातवाच्या हातातली मेणबत्ती दोन्ही तळव्यांच्या आडोशाने वाऱ्यापासून सांभाळत होते, आणि आपल्या नवरात्रातली रांग आठवून माझे डोळे भरून आले. यासाठी एक पैसाही लागत नाही.

व्हिसा

इटलीसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा लागतो. गुजरातमधील अर्जदारांना अहमदाबादच्या अर्ज केंद्रात जाता येते, त्यामुळे मुंबईची खेप वाचते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात, म्हणून तीन महिने आधी कामाला लागावे. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, त्यावर केंद्राचे सेवाशुल्क वेगळे पडते, आणि अर्ज नामंजूर झाला तरी पैसे परत मिळत नाहीत.

पतिपत्नींचे अर्ज स्वतंत्र असतात, हे लक्षात ठेवावे. एकाचे उत्पन्न आणि दुसऱ्याचा खर्च असे असेल तर विवाह नोंदणीचा दाखला, खर्च उचलत असल्याचे पत्र आणि कमावत्या व्यक्तीची बँकेची कागदपत्रे दोन्ही फायलींत लावावीत. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा असावा लागतो. आयकर विवरणपत्रे, बँकेच्या शिक्क्याची खात्याची प्रत, नोकरदारांसाठी रजेचे पत्र आणि व्यावसायिकांसाठी धंद्याची नोंदणी हे सर्व जुळवावे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात नातेवाइकांकडून मोठी रक्कम खात्यात भरून घेण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये, कारण अचानक आलेली रक्कम शंका वाढवते. विमान आणि खोली दोन्ही रद्द करता येतील अशाच घ्याव्यात, आणि व्हिसा हाती आल्यावरच पक्क्या कराव्यात.

विमान

बडोद्याहून मुंबईला रेल्वेने जावे किंवा अहमदाबादला मोटारीने, हे तिकिटाच्या फरकावर ठरवावे. बहुतेक वेळा आखाती देशांत एकदा विमान बदलून जाणे सर्वांत स्वस्त पडते. थेट व्हेनिसचे तिकीट महाग दिसत असेल तर मिलानचे पाहावे; मिलानहून व्हेनिस रेल्वेने अडीच तासांच्या आत येते आणि ते तिकीट आधी काढल्यास स्वस्त मिळते.

मुक्काम कुठे करावा

मेस्त्रे हा व्हेनिसचा मुख्य भूमीवरचा भाग आहे, आणि तिथून खाडीवरच्या लांब पुलाने रेल्वे दहा-बारा मिनिटांत सांता लुचिया स्थानकात येते. तिकीट दीड युरोच्या आसपास असते. मेस्त्रेतली खोली स्वस्त मिळते, म्हणून बजेटचा विचार करणारे तिकडे वळतात. परंतु दिवसाचे प्रवासी सकाळी नऊनंतर येतात आणि संध्याकाळी परत जातात. रात्री नऊ ते सकाळी आठ हे अकरा तास गाव अगदी शांत असते, पाण्याचा आवाज ऐकू येतो, आणि नेमके हेच तास मेस्त्रेत राहणाऱ्याच्या वाट्याला येत नाहीत. पाच रात्री परवडत नसतील तर तीन रात्री जावे, पण बेटावर राहावे.

मूळ गाव सहा भागांत विभागलेले आहे. सान मार्को भाग सर्वांत महाग आहे आणि तो टाळावा. कान्नारेज्जोचा उत्तरेकडचा काठ, कास्तेल्लोमधील व्हिया गारिबाल्दीच्या पलीकडचा भाग आणि स्थानकाजवळचा सांता क्रोचे येथे ऑफ-सीझनमध्ये दोघांसाठी साधी, स्वच्छ खोली १०० युरोंच्या आसपास मिळू शकते. कान्नारेज्जोत घेटो आहे. १५१६ मध्ये ज्यूंना जिथे कोंडले गेले ती जागा, आणि जगभर वापरला जाणारा हा शब्द तिथूनच आला. त्या चौकाच्या आसपास राहिल्यास बेकरी, किराणा आणि संध्याकाळी बाकांवर बसलेली स्थानिक माणसे, सगळे दाराशी असते.

खोली घेताना नकाशा स्वतः उघडून पाहावा. आम्ही पहिल्यांदा जी खोली नक्की केली तिच्या वर्णनात ‘व्हेनिस’ असे ठळक लिहिले होते. चार दिवसांनी पत्ता तपासला तेव्हा ती मुख्य भूमीवर, स्थानकापासूनही बसने जाण्याइतकी दूर निघाली. रद्द करता येणारी होती म्हणून निभावले. पत्ता पाहताना भागाचे नाव आणि घरक्रमांक दोन्ही नोंदवावेत, कारण व्हेनिसमध्ये घरांचे क्रमांक गल्लीप्रमाणे नसून संपूर्ण भागाचे एकत्र असतात आणि ते हजारांत जातात. घरमालकाकडून जवळच्या बोटथांब्याचे आणि पुलाचे नाव मागून घ्यावे. मुक्काम कर माणशी, रात्रीप्रमाणे आणि वेगळा घेतला जातो. तो खोलीच्या दरात आहे की नाही हेही विचारावे.

सामान

दोघांत मिळून दोन पाठीवरच्या पिशव्या, एवढेच न्यावे. बेटावर मोटार नाही, रिक्षा नाही, आणि चारशेहून जास्त पुलांपैकी बहुतेकांना पायऱ्या आहेत. आम्ही एक चाकाची बॅग नेली होती आणि स्थानकापासून खोलीपर्यंत सात पूल लागले. प्रत्येक पुलाशी ती उचलायची, वर न्यायची, उतरवायची. चौथ्या पुलावर तिचे एक चाक दगडी पायरीच्या कडेला आपटून निखळले, आणि पुढचे तीन पूल माझ्या पतींनी ती खांद्यावर घेऊन पार केले.

फराळ जरूर न्यावा, पण निवडून. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दूधदुभत्याचे पदार्थ नेण्यास प्रवाशांना बंदी आहे, म्हणून पेढे, श्रीखंड, तूप आणि पनीर घरीच ठेवावे. भाखरवडी, खाखरे आणि बडोद्याचा लिलो चिवडा चालतो, आणि तिसऱ्या दिवशी त्याची किंमत कळते.

बोट, पाय आणि दोन युरोंची गोंदोला

सगळ्यात जास्त पैसे लोक इथे घालवतात, म्हणून हा भाग नीट वाचावा. गावातल्या सार्वजनिक बोटीला व्हापोरेत्तो म्हणतात. तिचे ७५ मिनिटांचे तिकीट ९.५० युरोंना आहे, म्हणजे दोघांनी दिवसातून तीनदा चढायचे ठरवले तर ५७ युरो गेले. २४ तासांचा पास २५ युरोंना, ४८ तासांचा ३५ ला आणि ७२ तासांचा ४५ युरोंना मिळतो. तीस वर्षांखालील जोडप्यांनी ६ युरोंचे रोलिंग व्हेनिस कार्ड काढावे, म्हणजे ७२ तासांचा पास २७ युरोंत पडतो. इतरांनी पाच दिवसांत एकच २४ तासांचा पास घ्यावा आणि तो पूर्ण वापरावा, असे माझे ठाम मत आहे. उरलेले सगळे दिवस पायी फिरावे. स्थानकापासून सान मार्को चौक चालत पाऊण तासाच्या आत येतो.

तो पास असा वापरावा. दुपारी चारच्या सुमारास पियाझ्झाले रोमा या बसस्थानकाच्या चौकात १ क्रमांकाच्या बोटीत चढताना तो यंत्राला लावावा, कारण वेळ तिथून मोजली जाते आणि न लावल्यास दंड होतो. ही बोट मोठ्या कालव्यावरून प्रत्येक थांबा घेत पाऊण तासात सान मार्कोला पोहोचते. उन्हाची तिरीप वाड्यांवर पडलेली असते, १५९१ मध्ये पूर्ण झालेल्या रियाल्तो पुलाखालून आपण जातो, आणि पुढची उघडी जागा मिळाली तर त्या पाऊण तासापुढे कोणतीही महागडी सफर फिकी वाटते. रात्री जेवण झाल्यावर तीच बोट उलट्या दिशेने घ्यावी, तेव्हा वाड्यांच्या आतल्या रंगवलेल्या छतांवर दिवे लागलेले दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर फोंदामेंते नोव्हे येथून १२ क्रमांकाची बोट पकडून मुरानो आणि बुरानो ही बेटे पाहावीत आणि दुपारी चारच्या आत परतावे. पन्नास युरोंत दोघांचा सगळा जलप्रवास झाला.

गोंदोलाचा ठरलेला दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आणि संध्याकाळी सातनंतर ११० युरो आहे. तो माणशी नसून संपूर्ण नावेचा असतो आणि नावेत पाच जण बसू शकतात, म्हणून दुसरे जोडपे सोबत मिळाल्यास निम्म्यात काम होते. आम्ही मात्र त्राघेत्तोवर समाधान मानले. मोठ्या कालव्यावर पूल मोजकेच आहेत, त्यामुळे काही घाटांवरून जुन्या गोंदोलांतून दोन नावाडी माणसांना पलीकडे सोडतात, आणि परगावच्या माणसाला त्याचे २ युरो पडतात. सांता सोफिया घाटावरून रियाल्तोच्या बाजारात अशी नाव जाते. प्रवास तीन मिनिटांचाही नसतो. पण काळी नाव पाण्यात किंचित कलते, वल्ह्याच्या टेकूतून लाकडावर लाकूड घासल्याचा बारीक आवाज येतो, आणि माझ्या पतींनी न बोलता माझा हात धरला, ते मला पुरेसे होते. त्राघेत्तो दुपारी किंवा रविवारी बंद असू शकते, म्हणून सकाळची वेळ धरावी.

चालताना गुगलच्या नकाशापेक्षा भिंतींवरच्या पिवळ्या पाट्यांवर भरवसा ठेवावा. ‘रियाल्तोकडे’, ‘सान मार्कोकडे’ असे बाण बहुतेक वळणांवर असतात. काल्ले म्हणजे गल्ली, कांपो म्हणजे चौक, रियो म्हणजे लहान कालवा आणि फोंदामेंता म्हणजे कालव्याकाठचा रस्ता, एवढे चार शब्द आले की पत्ता सापडतो. उजव्या बाजूने चालावे आणि अरुंद पुलावर फोटोसाठी थांबू नये. तो तिथल्या लोकांचा कामावर जाण्याचा रस्ता आहे.

काय पाहावे आणि कशाला पैसे द्यावेत

तिकिटाचे पैसे एकाच मोठ्या जागी घालायचे असतील तर डोजेंच्या, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखांच्या, राजवाड्यावर घालावेत. १७९७ मध्ये संपलेल्या प्रजासत्ताकाचा सगळा कारभार या वाड्यातून चालत असे, आणि वाडा व तुरुंग जोडणारा उसाशांचा पूल आतून पार करता येतो. भेटीच्या तीस दिवस आधी तिकीट घेतल्यास दर कमी पडतो, आणि त्याच तिकिटावर चौकातले कोर्रेर संग्रहालयही पाहता येते. सान मार्कोच्या बासिलिकेला, म्हणजे चौकातल्या मोठ्या चर्चलाही तिकीट आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत आणि मोठी पिशवी आत नेता येत नाही. तिथली फरशी पाहताना मी बराच वेळ खाली मान घालून उभी होते, कारण शतकानुशतकांच्या खचण्याने ती लाटांसारखी वरखाली झाली आहे आणि दगडाचा प्रत्येक तुकडा तरीही जागेवर आहे.

फुकट पाहण्यासारखे पुष्कळ आहे. सालुतेचे चर्च, सान झाक्कारियामधले बेल्लिनीचे १५०५ चे चित्र, आणि सान जॉर्जो माज्जोरेमधले तिंतोरेत्तोचे शेवटच्या भोजनाचे चित्र यांना तिकीट नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालये मोफत असतात. अकादेमिया चित्रसंग्रह त्यांत येतो, म्हणून तारखा त्याप्रमाणे बसवता आल्या तर बसवाव्यात. फ्रारीच्या चर्चला थोडे तिकीट आहे, पण तिशियनचे मोठे वेदीचित्र जिथल्यासाठी रंगवले त्याच जागी पाहायला मिळते, आणि ते पैसे योग्य आहेत.

शाकाहारी दोघांचे जेवण

व्हेनिसचे खाणे माशांचे आहे. दुकानाच्या काउंटरवर मांडलेल्या चिक्केत्ती नावाच्या लहान घासांत बहुतेक मासेच असतात, त्यामुळे ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे’ म्हणजे ‘मांस नको, मासे नकोत’ हे पाठ करावे. रिसोत्तो या भाताच्या पदार्थात कोंबडीचे किंवा माशांचे पाणी घातलेले असू शकते, ते विचारून घ्यावे. टोमॅटोची पास्ता, साधा मार्गेरिता पिझ्झा आणि मक्याच्या पिठाची पोलेंता यांवर दिवस निभतात. टेबलाशी बसल्यास कोपेर्तो म्हणून माणशी वेगळी रक्कम बिलात येते, म्हणून दिवसातून एकदाच बसून खावे. सकाळची कॉफी काउंटरशी उभ्याने प्यावी. तिथे ती दीड युरोच्या आसपास मिळते आणि सान मार्को चौकात संगीत चालू असताना बसून प्यायल्यास तिचीच किंमत कितीतरी पट होते. पाण्याची बाटली विकत घेऊ नये, चौकांतल्या नळांचे पाणी पिण्याचेच आहे.

फळे आणि भाजी घ्यायला सान बार्नाबा येथे जावे. पुलाला लागून कालव्यात एक बोट उभी असते आणि तीच भाजीचे दुकान आहे. आपल्या खंडेराव मार्केटसारख्या टोपल्यांत जांभळट रादिक्क्यो, हिरवी अर्टिचोक आणि संत्री रचलेली असतात, आणि भाजीवाला बोटीतून हात वर करून काठावरच्या माणसाला पिशवी देतो. आम्ही तिथून संत्री आणि बेकरीतून पाव घेऊन खोलीवर खाखऱ्यांबरोबर खाल्ले. सान मार्को चौकात किंवा पुलांच्या पायऱ्यांवर बसून खाण्यास मनाई आहे, कबुतरांना दाणे टाकण्यावर २००८ पासून बंदी आहे, आणि दोन्हींचा दंड एका जेवणाहून जास्त आहे.

काच आणि परतीचा दिवस

आगीच्या भीतीने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या गावातून मुरानोला हलवल्या गेल्या. आज गावातल्या दुकानांत मुरानोच्या नावावर बाहेरची काचही विकली जाते, म्हणून अधिकृत ‘व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ची खूण पाहिल्याशिवाय घेऊ नये. मोठी फुलदाणी घेण्यापेक्षा दोन-चार मणी घ्यावेत. ते कापडात गुंडाळून हातातल्या पिशवीत येतात.

विमानतळाची बस पियाझ्झाले रोमाहून सुटते, सुमारे २५ मिनिटे घेते आणि माणशी १० युरोंच्या आसपास पडते. विमान पहाटेचे असेल तर आदल्या संध्याकाळी खोलीपासून बसथांब्यापर्यंतची वाट एकदा चालून पाहावी, लागणारे पूल मोजावेत आणि तिकीट तेव्हाच काढून ठेवावे, कारण पहाटे धुके उतरले की पिवळ्या पाट्याही दिसत नाहीत.